थंड पडल्यावर पेटते

कुहीहून नागपूरला निघालेल्या एसटीत प्रेमिलाबाईंच्या पुढच्या सीटवर एक आजोबा आणि त्यांची नात अपेक्षा बसले होते. आज अपेक्षाची खगोलशास्त्राच्या पीएचडीची मुलाखत होती. प्रेमिलाबाई कान देऊन ऐकत होत्या.

"आबाजी, मले काहीच आठवून नाही राहिलं."

"मले सांग वं. तारा कशाचा बनते?"

"गॅसचा. आकाशगंगेत गॅसचे मोठमोठे ढग असतात."

"मंग सगळेच काहून नाही पेटत?"

"गरम गॅस पसरते. थंड पडला का आपल्याच वजनानं आत दबत जाते."

"थंड पडल्यावर पेटते? मले येडा समजली काय?"

"दबता दबता मधात लय तापते ना, आबाजी! मंग हायड्रोजनचं हेलियम होते अन् तारा चमकते."

आता प्रेमिलाबाईंना राहवेना. "पोरी, आपला सूर्यबी असाच झाला काय वं?"

"हो मावशी! अन् एकटा नाही. एकाच ढगातून कितीतरी तारे जन्मतात. त्याचे भाऊबहीण आता कुठंकुठं पांगले."

"आमच्या घरासारखंच," आजोबा म्हणाले.

बस स्टँडला लागली, बाकीचे सगळे उतरले, तरी सीटवर बसून अपेक्षाचं सांगणं चालूच. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मॅडम, मुलाखत माह्याच गाडीत देता काय?"