स्विचवर कोण?

(गुरुग्राममध्ये राहणारे निवृत्त हवालदार बबनराव यांनी सांगितलेलं)

मी मूळचा खटावकडचा, आमच्या गावात फौजेत जाणं म्हणजे काही नवल नाही, दोन घरं सोडली की एक फौजी, आणि मला लहानपणापासून नाद कशाचा तर रेडिओचा, चावडीवरचा रेडिओ बंद पडला की मागचं झाकण काढून मी आत बघत बसायचो, म्हणून भरती झाल्यावर मला वर्कशॉपला टाकलं, वायरलेस सेट दुरुस्त करायला. बंदूक फार चालवली नाही मी, हात भाजले ते सोल्डरिंगने.

तिथे आमचे एक उस्ताद होते, पंजाबी माणूस, मिशा अशा, त्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. काचेच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे बल्बसारख्या नळ्यांच्या जुन्या सेटमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट असतात, तेव्हा चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा पँटच्या खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही. आणि दुसरी गोष्ट, एकट्याने कधीच नाही. एक जण मेन स्विचवर हात ठेवून उभा पाहिजे. आत हात घालायच्या आधी विचारायचं, स्विच पे कौन, आणि त्याने मोठ्याने म्हणायचं, मैं. उत्तर आलं नाही तर हात बाहेर, मग साहेब का उभा असेना शेजारी. काय सांगू तुम्हाला, ते इतकं अंगात मुरलं की आजही चुकत नाही.

रिटायर झालो तेव्हा मुलगा इथे जवळच मानेसरला कारखान्यात लागला होता, म्हणून गावी न जाता इथेच फ्लॅट घेतला, चौदाव्या मजल्यावर. ही बाल्कनी बंद करून टेबल टाकलं आणि लोकांचे जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायला लागलो. आणि स्विचवर कोण, तर आमची मंडळी. मंदा नाव तिचं. तुम्ही बसलात ना, तेच तिचं स्टूल. थंडीत मांडीवर मटारचं ताट, डावा हात स्विचवर, उजव्या हाताने शेंगा सोलतेय. मी विचारायचो, स्विचवर कोण? ती म्हणायची, मीच, दुसरं कोण येतंय इथं. दर वेळेला तेच. एकदा मला झटका बसला, मी ओरडायच्या आत तिने स्विच पाडून करंट तोडला होता, सगळे मटार जमिनीवर. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नाही, नुसती माझा हात धरून बसली, आणि मी मूर्ख, मटार गोळा कर म्हणत होतो तिला.

ती जाऊन आता दीड वर्ष होईल. मुलगा त्याआधीच कॅनडाला गेला. चांगला आहे हो, रोज फोन करतो, तक्रार नाही. पण इथे कसं आहे, लिफ्टमध्ये सगळे नमस्ते अंकल म्हणतात आणि मोबाइलकडे बघतात. मी काम बंदच केलं होतं.

मग ही तानिया आली, बंगाली मुलगी, इथेच ऑफिसात आहे. तिचे वडील कोलकात्याला हॉटेलात गिटार वाजवायचे, त्यांचा हा ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा, माझ्याएवढाच म्हातारा. वडील वारले, आईने तो पार्सलने पाठवला, खोक्यावर चारी बाजूंनी नाजूक म्हणून लिहिलेलं, पण कुणीतरी उलटा आपटलाच. ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट तुटलेले, तो आत गडगडतोय, त्याने व्हॉल्व्ह फोडलेले, स्पीकरचा कागद फाटलेला. ती म्हणाली, अंकल, पापा बोलते कम थे, जो बोलना था इसी में से बोलते थे. मी नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, रख दो बेटा.

दोन महिने लागले. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात चार खेपा केल्या व्हॉल्व्हसाठी. स्पीकरला पतंगाचा कागद लावला, थरावर थर, पातळ गोंदाने. जळके कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर बसवला. तुम्हाला सांगतो, इतकं सुबक काम मी नोकरीतसुद्धा केलं नसेल. आणि सगळं झाल्यावर लक्षात आलं, आता चालू करून आत व्होल्टेज मोजायचंय, आणि स्विचवर कोण?

समोरच्या फ्लॅटमधल्या मल्होत्राजींना बोलावलं. आले बिचारे, हात ठेवून उभे राहिले. मी आत हात घालणार, विचारलं, उत्तर नाही. मागे बघतो तर फोन आला म्हणून लिफ्टपाशी जाऊन बोलतायत. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, अंकल, ब्रेकर है ना, गिर जाएगा. आता त्याला कुठे सांगत बसू की ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा झटका ब्रेकरला कळतच नाही. मुलगा म्हणाला, बाबा, मी व्हिडिओ कॉलवर बसतो. बस बाबा, पण बघत बसशील, स्विच कसा पाडशील? तो म्हणाला, नका करू आता हे. बरोबरच आहे त्याचं.

एका दुपारी म्हटलं, करून टाकू एकट्याने, झालं जे व्हायचं ते. डावा हात खिशात घातला. आणि सवयीने विचारलं हो, स्विचवर कोण? विचारलं आणि थांबलो. उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं ना. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक, फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग प्लग काढला आणि या टेबलावर डोकं ठेवून रडलो, लपवायचं कशाला.

तेव्हापासून महिनाभर त्या पोरीला खोटं सांगतोय, एक पार्ट यायचाय, पार्ट यायचाय. माणूस नाही म्हणून काम अडलंय, हे सांगायची लाज वाटते. तिची बदली झाली सिंगापूरला. काल म्हणाली, रहने दीजिए अंकल, कल ग्यारह बजे आकर वैसे ही ले जाऊँगी. वैसे ही. म्हणजे म्हाताऱ्याला जमलं नाही, असंच समजून आज नेणार ती. बापाचा आवाज न ऐकता नेणार.

तुम्ही एवढं मेट्रोने आलात, अभ्यासासाठी माझी फौजेची हकीकत लिहून घ्यायला. आता ती वही जरा खाली ठेवा. परीक्षेत पास व्हाल, मोठे साहेब व्हाल, माझा आशीर्वाद आहे. स्टूल थोडं पुढे घ्या, हा लाल स्विच, यावर हात ठेवा, फोन आला तरी उचलायचा नाही. मी दचकलो, हललो, काही झालं की खाली पाडायचा, की करंट बंद. आणि बोलताना मोठ्याने बोला, मला एका कानाने कमी ऐकू येतं.

घातला बघा हात खिशात. विचारतो हं.

स्विचवर कोण?