फाशी कायम

ऐका. आणि दाराशी कुणी बसू नका, आत सरका. मागून काही टेकलं तर मग माझ्या नावानं ओरडायचं नाही.

आपल्या गावात केरबा मोहिते म्हणून होता. अपील केरबा. बांधाच्या भांडणापायी तालुक्याच्या कोर्टात त्याचा जन्म गेला, आणि प्रत्येक वेळी हरला. हरला की म्हणायचा, वर जातो. घरात त्याच्या बायकोनं, इठाबाईनं, भाकरी संपली म्हणून सांगितलं तरी म्हणायचा, हा काही शेवटचा निकाल नव्हे.

तर एकदा काय झालं, कोर्टातून निघायला त्याला उशीर झाला. एसटी वेळेआधी सुटली म्हणून तो कंट्रोलरशी भांडत बसला, आणि भांडता भांडता मुक्कामाची गाडीही निघून गेली. आता काय करता? निघाला चालत. अंधार पडलेला. चहावाला म्हणाला, केरबा, सडकेनं जा, फाशीच्या माळावरून जाऊ नको. पण सडकेनं लांब पडतं. केरबानं ऐकलं नाही. ऐकणारा असता तर बांधाचं भांडण तरी कशाला झालं असतं?

आता हा माळ कसला, ते सांगते. इंग्रजांच्या वेळी तिथल्या चिंचेला एकाला फाशी दिलं होतं. जोत्या त्याचं नाव. रागाच्या भरात कुऱ्हाड चालवली, माणूस मेला, हा सापडला. तेव्हापासून लोकांनी ती वाट सोडली.

केरबा चिंचेखाली आला. आला, आणि टोपीला काहीतरी लागलं. फांदी असेल, म्हणून त्यानं हातानं बाजूला सारली. फांदीला अंगठा होता. चाचपलं, तर पायाची पाचही बोटं होती. गार, पाण्यातल्या दगडासारखी.

केरबा वर बघेना. अशा वेळी वर बघायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं. झपाझपा निघाला. चालला, चालला, चालला. पुढं बघतो तर चिंच. डावीकडं वळला. चिंच. ओढ्यात उतरला, पलीकडं चढला. चिंचच! आणि दर खेपेला ते पाय जरा खाली आलेले. आधी टोपीला लागत होते, मग कानाला, आणि मग चक्क त्याच्या खांद्यांवर येऊन बसले. जत्रेत पोर बसतं ना बापाच्या खांद्यावर, तसे.

वरून आवाज आला, "पाव्हणं, उगं दमू नका. थांबा जरा."

आवाज मोठा अदबीचा, बरं का. जोत्यानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. घरी एकदा जाऊन यायचंय. म्हैस गाभण होती, तिचं काय झालं बघायचंय. पण जागा रिकामी सोडता येत नाही, सरकारचा हुकूम आहे. तेवढा वेळ कुणीतरी इथं लटकायला हवं. हे सांगता सांगता वरून दोर आला आणि केरबाच्या गळ्यात बसला. मऊ होता म्हणे. वापरून वापरून मऊ झालेला.

अशा वेळी माणसाच्या तोंडी देव येतो. पण ह्याचा जन्म गेला कोर्टात. ह्याच्या तोंडी कायदा आला. असं कुणालाही लटकवता येत नाही, म्हणाला. आधी खटला चालवा. वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा. फाशीच का, जन्मठेप का पुरत नाही, याची खास कारणं जजनं लिहायची. अगदी विरळा, भयंकर गुन्हा असेल तरच. आणि सेशन कोर्टानं दिली म्हणून झालं नाही, कागद हायकोर्टाकडं जातो, तिथं मान्य झाल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. त्याच्यावर दयेचा अर्ज, राज्यपालांकडं, राष्ट्रपतींकडं. हा बोलतोय आणि दोर आवळतोय. राष्ट्रपतींपर्यंत येईतो ह्याचा आवाज मानगूट धरलेल्या कोंबडीसारखा झाला. टाचा तर उचलल्याच गेल्या होत्या.

जोत्या म्हणाला, राष्ट्रपती कोण ते मला ठाऊक नाही, पण माझाही कागद वर मुंबईला गेला होता.

"तितनं निकाल आला. शिपायानं वाचून दावला. फाशी कायम. आता कायम म्हंजी कायम. तवापास्नं लटकतोय. एका रातीचा खाडा न्हाई."

बघा आता. गळ्यात दोर, जीव कंठाशी, आणि केरबाला हसू आलं. आवरेना!

"आरं बाबा," तो कसाबसा म्हणाला, "कायम म्हंजी तसं न्हवं. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्यानं मान्य केला, त्येला कायम म्हंत्यात. फाशी येकदाच असती. हुकुमात काय लिवत्यात? मरेपर्यंत. मेलास की शिक्षा संपली."

दोर आवळायचा थांबला.

"येकदाच?"

"येकदाच."

"म्हंजी मी त्याच दिशी उतारलो आसतो, तर चाललं आसतं?"

"कुनाचीबी हरकत न्हवती."

दोर सैल पडला. केरबानं मान काढली आणि धूम ठोकली. मागं धप्पकन आवाज झाला, धान्याचं पोतं टाकल्यासारखा. जोत्या उतरला होता. पायांना चालायची सवय राहिली नव्हती, म्हणून फरपटत, पडत, पण येत होता मागं. हाका मारत होता, "वकीलसायेब! वकीलसायेब!" जास्तीची फाशी भोगली, तिची दाद कुठं मागायची? त्या राती कोण परत देणार?

ज्याच्यात त्याच्यात अपील काढणारा केरबा, पण ह्याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. अहो, कुणाकडं असणार? बाकी कुठलीही शिक्षा चुकली तर माणसाला घरी तरी सोडता येतं. दिलेली फाशी परत घेता येत नाही. म्हणून तर एवढ्या पायऱ्या ठेवल्यात तिला.

केरबाचं धोतर बाभळीला अडकलं. राहू दिलं. वेशीपाशी खांद्यावर गार हात पडला. सदरा फाटला, बाही त्या हातात राहिली, आणि केरबा वेशीच्या आत तोंडावर पडला. वेस जोत्याला ओलांडता येईना. बाहेर उभा राहून तो नम्रपणे विचारत होता, तारीख कधीची मिळेल?

केरबा तापानं फणफणला. उठला तो पहिल्यांदा बांधाचा दावा काढून घेतला. पुन्हा तालुक्याला गेला नाही.

पण तुम्ही ऐका. आधी जोत्या एका चिंचेला तरी होता. चिंच टाळली की सुटलात. आता अख्खी वाट त्याची. भेटेल त्याला विचारतो, वकील आहात का? नाही म्हणाल तर सोडतो. हो म्हणाल तर अर्ज लिहायला बसवतो, आणि तो अर्ज काही संपत नाही. म्हणून सांगते, त्या वाटेला जायचं नाही. कितीही घाई असो.

आपल्या पाटलांचा मधला मुलगा पुण्यात वकील आहे ना, त्याला विचारा गावी कसा येतो. दुपारच्या गाडीनं, सडकेनं. आणि वेशीच्या आत येईपर्यंत, कुणी विचारलं तर सांगतो, मी मास्तर आहे.