बी.ए. पुसा, घनश्यामभाऊ

— पुसा म्हनलं नं, घनश्यामभाऊ! दारावरच्या पाटीवरचं नाव राहू द्या. 'बाबाराव मुनेश्वर' तसंच राहू द्या, नाव खोटं नाही आपलं. त्याच्या पुढची दोन अक्षरं, तेवढीच काढाची हायत. काहून थांबले? रंग उडाला, नवा मारतो म्हनता? नवा नाही माराचा बापा, महागावाहून सायकल हानत तुमाले त्याच्यासाठी नाही बोलावलं. घासलेट लावा अन् पत्तीनं खरडा. — हाव, तुमच्याच हातची हायत, ठाऊक हाय मले. चौदा साल झाले. वळणदार काढली होती, तारीफच हाय तुमची. पन मी बी.ए. नाही. नव्हतोच कधी.

— असे पाहू नका. मी कुठं सांगतलं होतं कोनाले? अमरावतीले दोन साल होतो, इंटरले नापास झालो, ट्रंक-वळकटी उचलली अन् मोटारीनं फाट्यावर उतरलो — तं सारी वस्ती तिथं! बैलगाडी सजवलेली, डफडं वाजून राह्यलं, अन् माही माय, धुरपताबाई, टोपल्यात गूळ घेऊन उभी. तिचं साधं होतं — पोरगा कालेजात गेला, ट्रंक घेऊन वापस आला, म्हंजे बी.ए. झाला! आमच्या वस्तीतून आंधी कोनी गेलंच नव्हतं, तं नापास होऊनही मानूस वापस येते हे कोनाले ठाऊक असन? सांगाले तोंड उघडलं मी. खरंच उघडलं होतं. मायनं त्यात गूळ टाकला.

झालं. तो गूळ गिळला अन् चौदा साल गिळतच राह्यलो. मास्तरकीच्या नोकरीच्या कागदावर म्याट्रिकच लिहिलं हो, सरकारले नाही फसवलं — फसवलं ते आपल्याच मानसाइले. इंदूबाईच्या बापानं हेच पाटी पाहून पोरगी देल्ली. मंग छप्पनले नागपुरात दीक्षा घेतली. गावात पंचशील म्हनाले पुढं कोन? बी.ए. गुरुजी! मी म्हनाचं, मांगून साऱ्याइनं म्हनाचं. अन् चौथं शील आलं — खोटं बोलनार नाही — का मले खोकला! पयल्यांदा खरंच आला होता. मंग दर पौर्णिमेले येऊ लागला, सहा साल. परवा इंदूबाई म्हनते, तुमाले अडुळशाचा काढा तिसऱ्या शीलालेच देत जाऊ काय? — तिले ठाऊक हाय, भाऊ. कवापासून ठाऊक हाय, अन् मीच वेडा. — पन हे तुमाले कायले सांगून राह्यलो मी? खरडा तुमी.

— जाऊन राह्यलो ना, यवतमाळच्या कालेजात. पयल्या वर्षापासून. छत्तीस वर्साचा हाव, तं काय झालं? सत्यशीला — चौथीत मीच तिले पाढे शिकवले — ते बाजूच्या बाकावर बसन. तीच आली होती नं, गुरुजी, तुमची बी.ए.ची पुस्तकं द्या म्हनून. काय देऊ तिले? रिकामी ट्रंक दाखवू? त्याच दिवशी फारम आनला. बिनपगारी रजा टाकली. ज्याले हसाचं त्यानं हसावं! मिशा पांढऱ्या होईपर्यंत बसीन त्या बाकावर. — चार सालानं भेटनच, मंग राहू द्या म्हनता? वा! मंग चार सालानं या ना ब्रश घेऊन. आज जागा खाली पाह्यजे मले.

— मायले? मायले नाही सांगतलं अजून. तिले वाचता येत नाही, पन हे दोन अक्षरं ओळखते, मीच बोट धरून दाखवली होती. रोज सकाळी पदरानं पुसते. नावाले हात नाही लावत, फक्त ह्या दोघाइले. म्हनून तं ती वावरात गेल्यावर बोलावलं तुमाले — नाही, भेत नाही मी! भेत असतो तं —

काय? थांबले काहून? कोन, माय? इतक्या लवकर?

— येऊ द्या. हात थांबवू नका, घनश्यामभाऊ, 'ए' राह्यला अजून. तिच्यासमोरच खरडा. — ये माय, बस इथं उंबरठ्यावर. पानी मंग पेजो. चौथं शील म्हनून दाखवतो तुले. आज खोकलत नाही.