वजनाचा अंदाज

बाबा : चहा राहू दे. आधी हे ऐक. ‘भुंगा आता वीस किलोच्या वर गेला आहे. औषधाचं प्रमाण बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.’

आई : तुझ्याकडे कसं आलं ते?

बाबा : कसं आलं म्हणून विचारतेस? काय आलं ते नाही विचारत?

आई : तुझ्याकडे येणं मी बंद केलं होतं.

बाबा : काल नवा फोन घेतला, सगळी खाती पुन्हा जोडली. त्यात हेही जोडलं गेलं असेल. दात घासत होतो मी. अगं, आपलं पोर जाऊन वर्ष होत आलं आणि हे म्हणतंय त्याचं वजन वाढलं! कुणाची चेष्टा आहे ही?

आई : चेष्टा नाही. बिघाडही नाही. अंदाज आहे तो.

बाबा : कसला अंदाज?

आई : वजन फक्त तपासणीला गेलं की व्हायचं. मधल्या दिवसांत औषध कमीजास्त होऊ नये म्हणून मी कपाटाला सांगून ठेवलं होतं. नवं वजन मिळालं नाही, तर वाढीच्या आलेखावरून काढत जा. ते काढत राहिलं.

बाबा : म्हणजे कपाट अजून चालू आहे?

आई : हो.

बाबा : मला वाटलं, गेलं तेही. फायली कपाटात मावेनात म्हणून तू ते फोनवर उभं केलंस, त्याला कपाटच म्हणायला लागलो आपण, एवढं मला ठाऊक आहे. पण त्यात आता ठेवण्यासारखं आहे काय?

आई : रुग्णालयाचे रिपोर्ट त्यात आपोआप यायचे, ते थांबले. बाकीचं चालू आहे. या आजारावर कुठे काही नवं छापून आलं की ते वाचतं, भुंग्याच्या रिपोर्टशी ताडून बघतं आणि सकाळी मला चार ओळी पाठवतं. शेवटच्या ओळीत त्याचं वय, उंची, वजन.

बाबा : आणि तू त्या वाचतेस.

आई : वाचते.

बाबा : रोज?

आई : तू आंघोळीला गेलास की.

बाबा : धन्य आहे! पाण्याच्या नमुन्यावर तारीख नसली तर अख्खी बाटली ओतून देणारी बाई तू. न मोजलेला आकडा कुणी लिहिला, तर त्याला प्रयोगशाळेत उभं करत नाहीस. आणि घरात हे?

आई : आकडा खोटा आहे हे मला कळतं. तुझ्याहून जास्त कळतं. कुठल्या तक्त्यातून कसा येतो, तेही सांगू शकते.

बाबा : मग?

आई : मग काही नाही. उंची वाढली की मी मनात बुटांचा नंबर धरते. ते कपाट सांगत नाही. ते माझं मीच. आता बोल की. बोलायचंय ना तुला?

बाबा : मला आलेख लागत नाही. त्याच्या वर्गाला खेळाचा तास माझाच आहे.

आई : तू तो वर्ग सोडणार होतास ना? मुख्याध्यापकांशी बोलतो म्हणाला होतास.

बाबा : नाही बोललो. सगळी पोरं वाढलीत. तो बारका नव्हता का, भुंग्याच्या डब्यातलं खायचा? आता उंच उडीत माझ्या गुडघ्याच्या वरची दांडी ओलांडतो. मी शिट्टी वाजवतो. ओळीत उभे केले की एकाच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये जरा जास्त जागा राहते. मी म्हणतो, सरका रे. सरकतात.

आई : हे कधी सांगितलं नाहीस.

बाबा : तू तरी कुठे सांगितलंस?

आई : मला वाटायचं, शाळेत जातोस म्हणजे तुझं बरं चाललंय. रागही यायचा. हा बाबा पोरांत जाऊन हसतो कसा, असं वाटायचं.

बाबा : हसतो ना. नोकरी आहे ती. बरं, आता बंद कर हे. दोघं बसून करू. आत्ताच करू.

आई : आज नको.

बाबा : आज नको म्हणजे? त्या शिवणताई तुला सारख्या फोन का करतात? काल तीनदा आला, तू उचलला नाहीस. या कपाटाशी त्यांचा काही संबंध आहे का?

आई : तुला कोण म्हणालं?

बाबा : मला भेटल्या त्या परवा. दुकानाच्या पायरीवर बसून काज करत होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्या बाईंचं ते फोनमधलं मोडलं ना हो? वाईट झालं, आमच्या बिट्टीला उपयोगी पडलं असतं.’ मी मान हलवली. काय मोडलं, मला काय माहीत!

आई : मीच त्यांना तसं सांगितलं.

बाबा : खोटं?

आई : हो, खोटं. झालं समाधान?

बाबा : अगं, भुंग्याच्या शेजारच्या खाटेवर होती बिट्टी. तिची आई आपल्याला घरून उश्या आणून द्यायची. त्या बाईशी खोटं बोललीस?

आई : ऐकून घेणार आहेस का? कपाटाने गेल्या आठवड्यात एक बातमी काढली. या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. आपल्याच रुग्णालयात काही मुलं घेणार आहेत. खाली लिहिलं होतं, ‘भुंगा सगळ्या अटींत बसतो.’

बाबा : अरे देवा.

आई : सगळ्या अटींत. मी ती ओळ कितीदा वाचली असेल. मग लक्षात आलं, बिट्टीही बसते.

बाबा : त्यांना कळवलंस?

आई : बातमी कळवली. तेवढी नीच नाही मी. पण अर्ज शुक्रवारपर्यंत आहे, आणि त्यात आजवरचे सगळे रिपोर्ट ओळीने लावून, कधी किती वजन, किती औषध, काय त्रास झाला, असं सगळं हवंय. त्यांच्याकडे पिशवीभर कागद आहेत. निम्मे रिपोर्ट तर रुग्णालयातच पडून आहेत. कपाट तासाभरात ते सगळं ओढून आणेल आणि अर्ज लिहून देईल.

बाबा : मग एक कपाट त्यांना करून दे ना. तुझ्या डाव्या हातचा मळ.

आई : कपाट होईल, रुग्णालयाची जोडणी कुठून आणू? रिपोर्ट आपोआप मिळायची परवानगी काढताना आपल्याला महिना लागला होता, आठवतं? तू त्या कारकुनाशी भांडला होतास.

बाबा : त्याच्या टेबलावर शिट्टी वाजवली होती.

आई : आणि भुंगा लोळून हसला होता. तर ती जोडणी एका कपाटाला एकाच मुलासाठी मिळते. मूल बदलता येतं, लगेच बदलतं. पण बिट्टीला आत घ्यायचं तर भुंग्याला बंद करावं लागतं.

बाबा : बंद म्हणजे पुसून टाकतात?

आई : नाही. नोंदी सगळ्या राहतात. फक्त तो वाढणार नाही. मला रोज वाटतं, आज करू. मग सकाळी त्या चार ओळी येतात.

बाबा : वाजतोय बघ फोन. त्याच असतील. उचल.

आई : तू उचल.

बाबा : मी उचलतो, पण बोलणार तू.

(बाबा फोन उचलून टेबलावर ठेवतो आणि आवाज मोठा करतो.)

शिवणताई : हॅलो, बाई? बरं झालं बाई, उचललात. मी म्हटलं, रागावल्या की काय माझ्यावर. रोज रोज तोंड वर करून फोन करते मी.

आई : रागावले नाही हो.

शिवणताई : त्रास द्यायचा नव्हता, खरंच. तुम्हाला काय वाटत असेल, मला कळत नाही असं नाही. पण काल सगळे कागद काढले पिशवीतून. जमिनीवर मांडले. तारखाच पुसल्यात निम्म्यांच्या. नळाखाली भिजलेत काही. एवढंच विचारायचं होतं, पहिला कागद कुठला लावू आणि मग कुठला? तुम्ही तोंडी सांगा, मी लावते. मला शिवायला सांगितलं तर कोट शिवीन, पण हे इंग्रजी कागद म्हणजे…

आई : ताई.

शिवणताई : नसेल जमत तर राहू द्या. पुढच्या खेपेला बघू. असेल ना पुढची खेप?

बाबा : सांग ना.

शिवणताई : गुरुजी पण आहेत का? नमस्कार हो गुरुजी.

बाबा : नमस्कार. बिट्टी कशी आहे?

शिवणताई : आहे. कालपासून जिना चढताना थांबते. म्हणते, पायऱ्या वाढल्यात.

आई : ताई, कागद उचलून ठेवा. लावू नका. माझं ते फोनमधलं… चालू आहे ते.

शिवणताई : दुरुस्त झालं?

आई : मोडलं नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

शिवणताई : असू द्या.

आई : नाही, मला सांगू द्या…

शिवणताई : असू द्या म्हटलं ना. आमचे हे गेले, पण त्यांचा चपलांचा जोड अजून दाराशी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, घरात पुरुषमाणूस दिसावं म्हणून ठेवलाय. तुम्ही बोला, काय करायचं मी?

आई : फोन चालू ठेवा. थोडा वेळ लागेल मला.

बाबा : खुर्ची इकडे घे. मला दिसू दे.

आई : हे बघ. इथे त्याचं पान. इथे खाली, ‘या रुग्णाची नोंद बंद करा’.

बाबा : दाब.

आई : दाबलं. कारण विचारतंय.

बाबा : काय काय दिलंय?

आई : ‘रुग्ण बरा झाला.’ ‘दुसऱ्या रुग्णालयात हलवलं.’ ‘इतर.’

बाबा : इतर?

आई : ही जोडणी बनवणाऱ्यांना सुचलं नसेल. किंवा सुचलं असेल, लिहवलं नसेल.

बाबा : इतर दाबलं की?

आई : चौकट उघडते. कारण लिहायला.

बाबा : रिकामी ठेवली तर चालते का?

आई : चालते बहुतेक.

बाबा : मग रिकामीच ठेव. त्याला कशाला सांगायचं?

आई : हात दे तुझा.

बाबा : थंड पडलेत तुझे.

आई : झालं.

बाबा : झालं?

आई : वजन आता तिथेच थांबलं. अंदाजही खोडलाय मी. शेवटचं मोजलेलं दाखवतंय.

बाबा : किती होतं?

आई : तुला माहितीये.

बाबा : हो. माहितीये.

शिवणताई : बाई? आहात ना?

आई : आहे हो, आहे. बिट्टीचं नाव घातलंय आत. जुने रिपोर्ट यायला लागलेत बघा, एकामागून एक येतायत. तुमचे पुसलेले कागद असू देत, सगळ्यांच्या तारखा आहेत इथे.

शिवणताई : खरंच? अगं बाई.

आई : अर्ज संध्याकाळपर्यंत होईल. वाचून दाखवीन तुम्हाला, मगच पाठवू. आता फक्त एक हवंय. तिचं आजचं वजन.

शिवणताई : मागच्या महिन्यात केलं होतं की. त्यातच थोडं धरून घ्या ना वरती.

आई : नाही. धरायचं नाही. मोजायचं. घरात काटा आहे?

शिवणताई : कापडाच्या गठ्ठ्यांचा आहे, मोठा. पण तिला उभं नाही राहवत त्याच्यावर, हलतो तो.

आई : मग तिला कडेवर घेऊन तुम्ही उभ्या राहा. मग तिला खाली ठेवून एकट्या. मी वजाबाकी करते.

शिवणताई : बिट्टे, ये गं. ये, कडेवर ये. बाईंना तुझं वजन सांगायचंय. अशी. मान धर माझी. हां बाई, दोघींचं सांगते, घ्या लिहून. अठ्ठावन्न आणि वर दोन काड्या.

बाबा : काडी म्हणजे किती हो?

शिवणताई : शंभर ग्रॅम, गुरुजी.

आई : लिहिलं. आता ठेवा तिला खाली.

शिवणताई : ठेवली. बस गं तिथे, हलू नको. हां, आता मी एकटीच उभी आहे. पण काटा नुसता खालीवर होतोय, बाई.

आई : उतरू नका, ताई. एकटीचं वजन असंच असतं. काटा ठरायला वेळ लागतो.