तुकडे करून पाठवा

...परत आली की हो! चौदा हजार ओळी, माझ्या पोरीचे दीड वर्षाचे कष्ट, आणि दुसऱ्याच दिवशी परत! दोष कुणाचा? तुम्हाला सांगतो, माझाच. चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केली, त्यात एकच विद्या शिकलो: फाईल जाड करायची. जाड फाईल साहेब वाचत नाही, हातात तोलतो आणि सही ठोकतो. ऋतुजा विचारत होती, "अप्पा, थोडं थोडं पाठवू की एकदम?" मी म्हणालो, "एकदम! उचलताना मनगट दुखलं पाहिजे!"

विषय असा, की तिच्या कंपनीनं एक नेटवर्क कार्ड काढलंय. आणि लिनक्स म्हणून एक व्यवस्था आहे, जगभरचे मोठमोठे संगणक तिच्यावर चालतात, आणि मालक कुणीच नाही! तिच्या गाभ्यात, कर्नल म्हणतात त्याला, या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या त्या चौदा हजार ओळी, बसवून घ्यायचा. कंपनीनं बजावलेलं, दिवाळीच्या आत बसला तर अंबाजोगाईतूनच काम कर, नाही तर बिऱ्हाड पुण्याला हलव. म्हणजे इथं उरलो मी आणि टीव्ही!

तर त्या गाभ्याची राखण करणाऱ्या, नॉर्वेच्या कुणा गृहस्थाचं उत्तर आलं. "एवढं एकदम कुणाला वाचता येणार नाही. तुकडे करून पाठवा." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वाचता? म्हणजे... वाचतात हो ते!

शेजारचा आश्रुबा धावत आला. दूध विकत घालतो, सल्ला फुकट. "अप्पा, कावून परत आली? त्यायचा साहेब कोन हाय? आपल्या आमदार विजयसिंहभाऊचं पत्र जोडू, लई वजन हाय भाऊचं!"

"अरे, नॉर्वेत?"

"मंग फोन लावायला सांगू!"

पोरीनं पत्र जोडलं नाही. बावीस तुकडे केले, पाठवले. आणि सतराव्या तुकड्यात, नव्वदाव्या ओळीपाशी, तो नॉर्वेवाला थंडपणे विचारतो, "इथे मेमरी मागून घेतली. काम मधेच फसलं तर परत कोण करणार?" अहो, आमच्या कचेरीतून एक कपाट मागून नेलेलं, त्याबद्दल अजून कुणी विचारलं नाही! मग ब्राझीलची एक बाई: "ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली आहे." मोकळी जागा! डोळ्यांना न दिसणारी! तीसुद्धा वाचली! आणि सगळं उघड्यावर, जगाला दिसेल असं. त्यातले काही तर बिनपगारी! तुम्हीच सांगा, बिनपगारी माणूस कशाला वाचेल? पण वाचतात हो ते!

तिसरी खेप, पाचवी, आठवी... पोरगी डोळे पुसायची. "अप्पा, पुण्यात खोली बघते आता." मी म्हणायचो, "कोण लागून गेलाय तो नॉर्वेवाला!" तर पुन्हा मांडी घालून बसायची, "पण त्याचं बरोबर आहे हो, अप्पा."

अकराव्या खेपेला, ऐन वसुबारसेला, दोन शब्द आले. "घेतलं. आभार." ना शिक्का, ना जावक क्रमांक! आश्रुबानं पेढा खाल्ला, पण पत्राशिवाय काम झालं म्हणून तोंड पाडूनच.

पुणं टळलं. आता त्या ड्रायव्हरची राखण तिच्याकडे. जगभरातून लोक तुकडे पाठवतात, ती वाचते आणि परत पाठवते. परवा मी नगरपालिकेला अर्ज लिहिला, नळाला पाणी नाही आणि गटार तुंबलंय, चांगला सहा पानी, जाड! हौसेनं तिला दाखवला. तिनं वाचला. सगळा वाचला! "अप्पा, सहाव्या पानावर तारीख चुकली. आणि एका अर्जात दोन विषय? तुकडे करा."

चौतीस वर्षांत माझं सहावं पान कुणी उलटलं नव्हतं हो... बसलोय लिहीत. तिसरी खेप चालू आहे.