जयूच्या लुगड्यांवरचा टॅक्स

आमच्या जयूचं ऐकलंत का? माझी धाकटी बहीण हो. बोईसरजवळच्या माहीमला घरी बसून ती एका ऑनलाइन खेळातल्या पात्रांसाठी लुगडी डिझाइन करते आणि परदेशातले खेळाडू ती खरे पैसे देऊन घेतात. आईला मात्र वाटायचं, पोरगी दिवसभर मोबाइलवर खेळते.

यंदा मी दोघींना बोईसरला टॅक्सवाल्या वकिलाकडे नेलं. त्याने विचारलं, "दुकान कुठाय?"

"खेळात," जयू म्हणाली.

"आणि माल?"

"तोही खेळातच."

आई घाबरली. "साहेब, ते काय खरं नाय. पोर नुसती खेळते."

वकील हसला. "मावशी, पैसे बँकेत आलेत. सरकार याला धंदाच म्हणतं. टॅक्स भरावा लागेल."

जयूचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात आईचा आवाज लांबूनच ऐकू आला, "आमची जयू टॅक्स भरते, टॅक्स!"