एक नळी काळी, एक चकचकीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या गॅरेजचे मालक, मंचावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती उस्ताद, त्यांना आता दिवसभर घरी झेलणार असलेल्या काकू, आणि कितीही धुतले तरी ज्यांची नखं काळीच राहतात असे माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. माझी दोन मिनिटं म्हणजे चहा गार होईपर्यंत, हे उस्तादांना ठाऊक आहे.

आठ वर्षांपूर्वी मी इथे कच्ची होते. मालकांनी बजावलं होतं, "एक जरी इंजिन विनाकारण खोललंस, तर दुसरी नोकरी बघ." त्यात उस्ताद तीन दिवस रजेवर, आणि एक सूनबाई सासऱ्यांची गाडी घेऊन हजर. मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या. डावीत बोटभर काजळी, उजवी चकचकीत. आता माझ्यासारख्या अतिशहाणीने काय समजावं? इंजिनाची डावी बाजू पेट्रोल जास्त पिते. प्लग काढले, तर सगळे एकाच रंगाचे, ठणठणीत. तिथेच थांबायला नको होतं का? पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी इंजिनाचं डावं हेड, म्हणजे वरचं झाकणच उतरवलं.

चौथ्या दिवशी उस्ताद आले. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी न्यायला सूनबाईंचे सासरे आले होते, त्यांना विचारलं, "आबा, गाडी पुसतं कोण?"

"मीच. रोज सकाळी, नळीसकट."

"दोन्ही नळ्या?"

"गाडी लावतो तिथे डावीकडे पाण्याची टाकी आहे हो, हात पोचत नाही."

मी कपाळावर हात मारला. उस्ताद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेवढ्यात मालक आले. "हे कुणी खोललं?"

"मी फोनवर सांगितलं होतं तिला," उस्ताद म्हणाले.

साहेब, असा फोन झालाच नव्हता. तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत झाडलंत, त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मग दिवसभर माझ्याबरोबर हेड परत बसवलं. मला फार लाज वाटली होती, पण तोंड उघडलं नाही.

बघा, आत्ताही ते मला डोळ्यांनी गप्प करताहेत. आज नाही ऐकणार, उस्ताद. साहेब, त्यांची जागा मला दिल्याचं तुम्ही आज जाहीर करणार आहात, असं कानावर आलंय. म्हणून आधीच सांगून टाकलं. इतकं हलकं वाटतंय की हसू आवरत नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. अध्यक्षमहाराज, आता तुम्ही बोला.